मुरलेलं ऊन

नानोटे सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेत रबरी नळ्या मोजून घेत होते. फोन त्यांच्या मुलीचा होता. ती पुण्याहून अकोल्याला निघाली होती. मी कागद ओढला आणि कामं लिहिली. प्राचार्यांना सांगणे, फलकावर सूचना, गाडी, हार, जुन्या विद्यार्थ्यांना कळवणे. दुपारच्या आत सगळ्यांपुढे खुणा झाल्या. अमरावतीहून गाडी वेळेवर सुटली आणि अकोल्याला वेळेवर पोचली. मोक्षधामात लोक रडत होते, आणि आमच्या विभागाचा हार दुसऱ्या कोणाच्या हाराखाली दबला नाही ना, हे मी पाहत होते.

ते हिवाळ्यातलं झालं. आता उन्हाळा लागला आहे. मला अजून काही झालेलं नाही.

कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी सरांवर मीच लिहावं असं ठरलं, कारण यंत्र विभागाची प्रयोगशाळा मी सांभाळते आणि सगळ्या गोष्टी माझ्याकडे लिहिलेल्या असतात असा लोकांचा समज आहे. बऱ्याचशा असतात. जन्मतारीख, पदव्या, निवृत्तीचा दिवस हे सगळं कार्यालयात मिळेल, म्हणून इथे देत नाही.

सर उंच होते आणि थोडे पुढे झुकून चालायचे, जणू समोर कायम वारा आहे. मार्च ते जून डोक्याला पांढरा दुपट्टा. तो आमच्याकडे सगळेच बांधतात, पण सरांच्या दुपट्ट्याच्या एका टोकाला गाठ असायची आणि गाठीत कांदा. खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, असं आमच्या भागात मानतात. हा माणूस उष्णतेचं शास्त्र शिकवायचा. दरवर्षी नवे विद्यार्थी त्या गाठीकडे बघून हसायचे आणि सर त्यांना हसू द्यायचे. "सायन्स नाही याच्यात काही," म्हणायचे, "घरचा हुकूम हाये. सायन्सवर अपील होते, याच्यावर होत नाही."

हुकूम सुमनवहिनींचा. त्या अकोल्याला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. सर आठवडाभर अमरावतीला कॉलेजच्या क्वार्टरमध्ये राहायचे आणि शनिवारी दुपारी अकोल्याला जायचे. सोमवारी पहाटे परत निघताना वहिनी नवा कांदा बांधून द्यायच्या, जुना भाजीत टाकायच्या. गाठ त्यांचीच असायची, घट्ट निरगाठ. कॉलेजात ती कोणाला सुटली नसती.

वर्गात सरांचा एकच प्रश्न असायचा. फळ्यावर भट्टी काढा, रेडिएटर काढा, चहाचा कप काढा, ते खडू खाली ठेवायचे आणि विचारायचे, "बरं. ऊन गेलं कुठं?"

आमच्याकडे ऊन म्हणजे फक्त सूर्याचं नाही. गरम पाण्यालाही ऊन पाणी म्हणतात. सर उष्णतेला उष्णता फक्त परीक्षेच्या पेपरात म्हणायचे. बाकी सगळीकडे ऊन. कोणी विद्यार्थी म्हणाला, सर, ते निघून गेलं, तर ते खिडकीबाहेर डोकावून पाहायचे. "कुठं? मले तं नाही दिसलं जाताना. निघून जायाले ते काय पाव्हना हाये? ऊन संपत नाही, बाबू. इथून उठते, तिथं बसते. कुठं बसलं ते सांग, मग मार्क घे."

मूळ बार्शीटाकळीचे. घरची भाजीची शेती, माळ्याची. त्यांची आई डोक्यावर टोपली घेऊन एसटीने अकोल्याच्या बाजारात सांबार विकायला जायची. बाहेरच्यांसाठी सांगते, आम्ही कोथिंबिरीला सांबार म्हणतो. टोपलीवर ओलं गोणपाट. बाजारात पोचेपर्यंत गोणपाट वाळून कडक व्हायचं आणि खाली सांबार हिरवागार असायचा. सर हे दरवर्षी सांगायचे आणि तिथूनच पुढे विमानावर जायचे. अवकाशातून परत येणाऱ्या यानाच्या नाकावर जो लेप असतो तो स्वतः जळत, झिजत जातो आणि आतलं वाचवतो. "माह्या मायचं गोणपाटच हाये ते. फक्त महाग."

हे ते ऐकीव सांगत नव्हते. अमरावतीला येण्याआधी बरीच वर्षं ते दक्षिणेतल्या एका मोठ्या प्रयोगशाळेत होते. ध्वनीच्या पाचपटीहून जास्त वेगाने जाणारी, हायपरसॉनिक म्हणतात तशी विमानं थंड कशी ठेवायची, हे त्यांचं काम. कामाबद्दल फारसं बोलायची मुभा नव्हती आणि सर मुभेच्या आतच बोलायचे. पण जे सांगायचे ते असं सांगायचे की माझ्यासारखीला, जिने बारावीनंतर विज्ञान सोडलं, तिलाही समजायचं. आपण स्कूटरवर जोरात गेलो की वारा लागून गार वाटतं. तिथे उलटं असतं. इतक्या वेगात पुढची हवा बाजूला व्हायला सवड मिळत नाही, ती दबते आणि तापते. वाराच भाजतो. म्हणजे बाहेरून थंडावा घ्यायची सोय नाही. जो काही थंडावा लागेल तो घरून बांधून न्यायचा. आणि विमानात बांधून नेलेलं असतं काय? इंधन. मग तेच इंधन आधी इंजिनच्या तापलेल्या भिंतींतून, केसासारख्या बारीक वाटांतून फिरवायचं. भिंतींचं ऊन ते पोटात घेतं, आणि तसंच तापलेलं पुढे जाऊन जळतं. "म्हंजे पा, ज्याले जाळाचं, त्याच्याच कडून आधी पाणी भरून घेतेत," सर म्हणायचे. एकदा हे वाक्य वहिनींनी ऐकलं. विमानाला त्या इमान म्हणायच्या. म्हणाल्या, "सुनेचं सांगून राहिले का इमानाचं?"

सरांना असं गप्प करणाऱ्या त्या एकट्याच. मी अकोल्याला पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तेव्हा हॉलमधला कूलर ठिबकत होता, खाली घमेलं ठेवलेलं. वहिनींनी मला चहा दिला आणि घमेल्याकडे बोट दाखवलं. "पा मॅडम. इमानं थंड ठेवतेत म्हणे. घरचा कूलर तिसरा उन्हाळा ठिबकून राहिला." सर पेपरच्या आडून म्हणाले, "कूलर माह्या स्पीडच्या बाहेरचा हाये. एवढं हळू काही मले जमत नाही."

गच्चीवर पाणी टाकण्यावरून त्या घरात दर उन्हाळ्यात भांडण व्हायचं. अकोल्यात दिवस मावळला की लोक स्लॅबवर पाणी टाकतात, म्हणजे रात्री झोप लागेल. सरांचं म्हणणं, उशीर झाला. दिवसभराचं ऊन स्लॅबमध्ये मुरतं आणि हळूहळू खाली उतरतं. संध्याकाळी वरून हात लावाल तर स्लॅब निवत आलेला असतो, पण ऊन तोवर छताच्या खालच्या अंगाला पोचलेलं असतं. म्हणून चार वाजता टाका, ते वाटेत असताना. शेजारी म्हणायचे, तापल्या स्लॅबवर पाणी टाकलं तर तडे जातील. सर भर उन्हात दुपट्टा बांधून पाइप धरून उभे राहायचे आणि वहिनी खालून ओरडून सांगायच्या की तडे गेले तर मी माहेरी जाईन.

मुरलेलं ऊन. हा सरांचा खास शब्द. या शब्दामागे जे होतं ते त्यांनी मला एकदाच सांगितलं.

तिकडच्या प्रयोगशाळेत असताना एक चाचणी-उड्डाण झालं. इंजिन ठरलं तितका वेळ चाललं, यान ठरल्या जागी उतरलं, खोलीत टाळ्या वाजल्या, पेढे आले. उड्डाणभर काय काय झालं याची नोंद यानाच्या पोटातल्या एका पेटीत होत होती. पेटी उघडली तेव्हा आतलं सगळं भाजून निघालेलं. उड्डाणात नव्हे, उतरल्यावर. बाहेरच्या कातडीत आणि अस्तरात मुरलेलं ऊन, यान थांबल्यावर, सावकाश आत सरकलं होतं. अस्तर किती जाड हवं याचं गणित सरांचं. वजन कमी करायचं होतं म्हणून त्यांनी ते थोडं पातळ धरलं होतं, आणि उड्डाणापुरतं ते बरोबरच होतं. "माहं गणित उतरेपर्यंतचं होतं," सर म्हणाले. "पुढचं मी मांडलंच नाही. उतरलं म्हंजे संपलं, असं वाटलं मले." कोणी त्यांना बोललं नाही. त्यानंतर ते तिथे फार राहिले नाहीत. आमच्या कॉलेजात आले, आणि लोक धरून चालले की वहिनींच्या नोकरीमुळे गावाकडे आले.

आमच्या प्रयोगशाळेच्या टोकाला एक बंद खोली आहे. तिथे सरांनी दिव्यांची चौकट उभी केली. क्वार्ट्झचे लांबट दिवे, त्यांच्यासमोर वीतभर रुंदीचा पॅनल. बाहेरून पोलादी पत्रा, मधे सिरॅमिकची लोकर, आत ॲल्युमिनियमचा पत्रा. दिवे लावले की बाहेरचा पत्रा लाल होतो. आतल्या पत्र्याला थर्मोकपल चिकटवलेलं असतं, म्हणजे टोकाला जोडलेल्या दोन बारीक तारा, ज्या तापमान सांगतात. दिवे बंद केले की विद्यार्थी वह्या मिटायचे. सर म्हणायचे, "बसा. आता चालू झालं."

आणि खरंच, दिवे विझल्यावर बाहेरचा पत्रा काळा पडत जायचा आणि आतल्या पत्र्याचा आकडा वर चढत राहायचा. ज्याला काही करायचं नाही, फक्त बसायचं आहे, असा तो वेळ. सर खुर्ची पॅनलकडे वळवून बसायचे. आकडा हलला की हळूच म्हणायचे, "चढून राहिलं." शेवटी तो थांबायचा, थोडा वेळ तसाच राहायचा, मग उतरायला लागायचा. तो सगळ्यात वरचा आकडा खरा. या वेळात खोलीतला पंखा बंद ठेवायचा असा नियम होता, कारण पंख्याच्या वाऱ्याने पत्रा लवकर निवतो आणि आत पोचायचं ऊन बाहेरच्या बाहेर जातं. नियमाची पाटी मी स्वतः रंगवून घेतली होती.

एका मे महिन्यात, ज्या संस्थेने या कामाला पैसे दिले होते तिचे दोन अधिकारी चाचणी बघायला आले. आतला आकडा एका मर्यादेच्या खाली राहिला तर पुढच्या टप्प्याचे पैसे मिळणार होते. विभागप्रमुख पाटणकर सरांनी नवे पडदे लावले, लस्सी मागवली. दिवे बंद झाले, पाहुणे घामाघूम झाले होते, आणि पाटणकर सरांनी स्वतः उठून पंखा लावला. पाहुणा घामात बसलाय आणि पंखा बंद, हे वऱ्हाडात कोणाला बघवेल? मलाही त्या क्षणी ते खटकलं नाही. आकडा मर्यादेच्या बराच खाली थांबला. पाहुणे उठले, हात मिळवले.

नानोटे सर उठले नाहीत. म्हणाले, "हे धरू नका."

पाटणकर सरांनी डोळे मोठे केले. सर शांतपणे म्हणाले, "पाव्हन्याले वारा घातला, पॅनललेही लागला. तिथं वरतं कोण पंखा लावते?"

चाचणी दुसऱ्या दिवशी पुन्हा झाली, पंख्याशिवाय. आकडा मर्यादा ओलांडून गेला, फार नाही, पण गेला. सरांनी तसाच कळवला. पुढच्या टप्प्याचे पैसे आले नाहीत. पाटणकर सर काही महिने त्यांच्याशी कामापुरतं बोलत होते. सरांनी त्या प्रकाराचा कधी उल्लेख केला नाही, फक्त त्यानंतर पाटणकर सर खोलीत आले की नानोटे सर पंख्याच्या बटणासमोर जाऊन उभे राहायचे, पाठ टेकून.

वहिनी गेल्या त्या सर निवृत्त झाले त्याच्या आदल्या वर्षी, उन्हाळ्याच्या शेवटी, पाऊस यायच्या आधी. बार्शीटाकळीला नात्यातलं लग्न होतं. दुपारचा मुहूर्त, पत्र्याचा मांडव, येताना उभ्याने एसटी. घरी पोचल्या, पाणी प्यायल्या, आडव्या झाल्या. संध्याकाळी शेजारणीने दार वाजवलं तेव्हा अंग भट्टीसारखं आणि बोलणं असंबद्ध. दवाखान्यात नेलं. सर अमरावतीहून पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. ऊन लागलं, एवढंच सगळे म्हणत होते, आणि सरांसमोर तेवढंही म्हणत नव्हते.

तेरवी झाल्यावर सर कामावर आले. नव्या सत्राची तयारी केली, शिकवलं, हसले, चहा मागवला. स्टाफरूममध्ये दोन मतं होती. एक, माणूस दगडाचा आहे. दोन, माणूस खंबीर आहे. मला दोन्ही पटेनात. मी त्या खोलीत इतकी वर्षं खुर्ची टाकून बसले होते. दिवे विझल्यावर काय होतं ते मला माहीत होतं.

मी पाळ्या लावल्या. आठवड्यात रोज कोणीतरी सरांबरोबर डबा खाईल. रविवारी कोणीतरी अकोल्याला त्यांच्याकडे चक्कर मारेल, काहीतरी निमित्त काढून. मी, पाटणकर सर, आणि वैभव, आमच्याकडचा तरुण प्राध्यापक, सरांचाच विद्यार्थी. पाटणकर सर नको म्हणतील असं वाटलं होतं. त्यांनी सगळ्यात जास्त रविवार घेतले.

निमित्तं फार टिकली नाहीत. एका रविवारी वैभव हुरड्याची पिशवी घेऊन गेला तर दारातच सर म्हणाले, "आज तुही पाळी काय? मले चहूकडून थर्मोकपल लावून ठेवले तुमी लोकायनं." तेव्हापासून तोच शब्द पडला. सोमवारी सर प्रयोगशाळेत येऊन मला रिपोर्ट द्यायचे. कालचा थर्मोकपल पोहे तीन वेळा घेऊन गेला. कालच्या थर्मोकपलले झोप लागली सोफ्यावर. "तुमच्या वहीत काय लिवलं मॅडम? किती डिग्री?" मी म्हणायचे, स्थिर. ते म्हणायचे, "लिवा, स्थिर."

पावसाळा गेला, दिवाळी गेली, थंडी गेली. आकडा हलला नाही. पाटणकर सर मला म्हणाले, आता बंद करू या का, त्यांना आपली अडचण होत असेल. मी म्हटलं, उन्हाळा लागू द्या.

चैत्रात एका रविवारी सकाळीच सरांचा फोन आला.

"मॅडम, आज कोणाची पाळी हाये?"

मी म्हटलं, वैभवची.

"त्याले राहू द्या. तुमी या." मग म्हणाले, "चढलं."

मी बडनेऱ्याला जाऊन मिळाली ती गाडी धरली. काय झालंय ते विचारलं नाही. डब्यात बसून मी घ्यायच्या गोष्टी मनात मांडत होते: डॉक्टरचा नंबर, मुलीचा नंबर, शेजारणीचं नाव. अकोल्याला ऑटोवाला काहीतरी बोलत होता, मी हो हो म्हणत होते.

दार उघडं होतं. सर आतल्या खोलीत जमिनीवर बसले होते, पलंगाला पाठ टेकून. समोर एक कापडी पिशवी उलटी केलेली. उन्हाळ्यात तीच पिशवी ते वापरायचे आणि पावसाळा आला की खुंटीला टांगायचे. त्यांच्या मांडीवर दुपट्टा होता. टोकाला गाठ तशीच होती. आत कांद्याचं नुसतं टरफल राहिलं असावं, गाठ बोटाने दाबली जात होती.

मी सवयीने पंख्याकडे हात नेला.

"पंखा नका लावू," सर म्हणाले.

मी तशीच खाली बसले. खोली तापलेली होती. बाहेर भाजीवाला ओरडत गेला. बराच वेळ ते गाठीवरून अंगठा फिरवत होते.

"सुटत नाही मले," ते म्हणाले. "तिनं मारली."

मी पर्समधली कात्री काढली. त्यांनी मान हलवली. मी कात्री परत ठेवली.

"कांद्यानं ऊन लागत नाही म्हणे. मी किती वेळा सांगतलं तिले, सायन्स नाही याच्यात." मग म्हणाले, "मले नाही लागलं पण."

मला वाटलं एवढंच आहे. एवढं नव्हतं.

"त्या दिवशी तिचा फोन आलता. बार्शीटाकळीहून घरी पोचल्यावर. मी दिव्याच्या खोलीत होतो. म्हणे, आली हो घरी, डोकं दुखून राहिलं थोडं, बाकी बरी हाये, पडते जराशी. मी म्हटलं, बरं झालं पोचली. पोचली म्हटल्यावर मी फोन ठेवून देल्ला. अन् खुर्ची वळवून पॅनलसमोर बसलो. मॅडम, मी पत्र्यापुढं बसलो होतो, आतलं कवा चढते ते पाहत."

मग त्यांच्या तोंडून जो आवाज आला तो मी आधी ऐकला नव्हता आणि इथे लिहिणार नाही. मी उठले नाही, पाणी आणलं नाही, पाठीवर हात ठेवला नाही. पंखा लावला नाही. जे खोलीत करायचं असतं तेवढंच केलं. बसले.

ते चढत गेलं, मग एका जागी थांबलं. मग फार सावकाश उतरलं. दुपार टळत आली होती. मी चहा केला, आणि त्यांनी तो कढत असतानाच प्यायला, नेहमीसारखा. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून म्हणाले, "चार झाले. स्लॅब." दुपट्टा डोक्याला बांधला, गाठ कानाशी लोंबत होती, आणि वर गेले. मी खाली अंगणात उभी होते. पाण्याचा पहिला सपका तापल्या स्लॅबवर पडतो तेव्हा चर्र आवाज होतो. तो ऐकू आला.

त्यानंतर पाळ्या बंद केल्या. सरांनीच सांगितलं, आता काढा थर्मोकपल. जूनमध्ये ते निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात पाटणकर सरांनी पंख्याची गोष्ट सांगितली, स्वतःवर घेऊन, आणि सगळे हसले.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते डिसेंबरात. वैभवने विद्यार्थ्यांकडून पॅनल पुन्हा करून घेतला होता. अस्तर सरांच्या नव्या गणिताप्रमाणे, उतरल्यानंतरचंही मांडून. सर अकोल्याहून मुद्दाम आले होते. थंडीतसुद्धा दिव्यांच्या खोलीत घाम येतो. चाचणी नीट झाली, दिवे बंद झाले. पोरांना चहाची घाई होती, वैभव त्यांना घेऊन कँटीनला गेला. सरांनी खुर्ची पॅनलकडे वळवली आणि बसले. ते बारीक झाले होते. मला साडेपाचच्या आत स्टोअर बंद करून किल्ल्या द्यायच्या होत्या. त्या दिवशी आकडा मर्यादेच्या खाली राहिला, हे मला दुसऱ्या दिवशी वैभवने सांगितलं.

मी दारात उभी राहून म्हटलं, सर, निघते मी. थांबू का?

"नाही. जा तुमी, मी बसतो." मान वळवली नाही. बाहेरच्या पत्र्याचा लालपणा जवळजवळ गेला होता. आकडा हलला असावा, कारण ते स्वतःशीच काहीतरी पुटपुटले. मग जरा मोठ्याने म्हणाले, "पोट्टे पंखा चालूच ठेवून गेले पा. जाता जाता बंद करा."

मी पंखा बंद केला.